टॉवेलाखालचा हात

हळकुंड मोडलं की कट् असा आवाज होतो. आत केशरी निघालं तर माल चांगला.

महिपती वॉचमन चहा बशीत ओतून प्यायचा. पिऊन झाला की बशी स्वतः धुऊन पालथी घालायचा.

दुनळी बंदुकीत काडतुसं दोनच मावतात. तिसऱ्यासाठी थांबावं लागतं.

निकालावर सही करून न्यायाधीशांनी पेनाची निब मोडली, असं पेपरात आलं होतं.

जिच्या नवऱ्यानं आपल्या नवऱ्याला मारलं ती बाई घरी येणार असेल, तर पोहे करायचे की नुसता चहा, हे कुणाला विचारायचं?

एक टॉवेल. पिवळा. मूळ रंग पांढरा.

पंख्याचं एक पातं वाकलंय. दर फेरीला ते काहीतरी सांगायला जातं आणि गप्प बसतं.

रत्नप्रभा मगदूम चटईवर पाठ टेकून पडलीय आणि हे सगळं तिच्या डोक्यातून चाललंय, एकाची दुसऱ्याशी ओळख नसल्यासारखं. झोपायचं नाही असं तिनं ठरवलंय. नुसतं टेकायचं. पाच वाजता शेवंता येणार आहे. शेवंता म्हणजे महिपतीची बायको. बरोबर महिपतीचा वकील.

महिपतीनं रत्नप्रभाच्या नवऱ्याला, भूपालला, गोळी घातली त्याला तीन वर्षं झाली. हळदीच्या पेढीवर, सकाळी, सौदे चालू असताना. आधी पेढीच्या शेठला, मग दिवाणजीला, मग भूपालला. जिल्हा कोर्टानं फाशी सुनावली. ती कायम करायची की जन्मठेप द्यायची हे आता उच्च न्यायालय ठरवणार आहे. वकिलाला रत्नप्रभाची सही पाहिजे. मयताच्या पत्नीला फाशी नको आहे, अशा अर्थाच्या चार ओळी, आणि त्याखाली ती सही.

"तुमच्या सहीनं शिक्षा कमी होईलच असं नाही ताई," तो फोनवर म्हणाला होता. "पण वजन पडतं."

वजन पडतं म्हणे. हळदीच्या यार्डातल्या माणसाच्या बायकोला हा वजनाचं सांगतोय.

वजन का पडतं, ते मात्र तिला ठाऊक आहे. पहिल्या दोन गोळ्या रागात झाडल्या असं म्हणता येतं. पोती कमी भरली म्हणून शेठ महिनाभर महिपतीची झडती घेत होता. सगळ्या हमालांसमोर, ज्या फाटकावर महिपती दुसऱ्यांची झडती घ्यायचा त्याच फाटकावर. डबा उघडून दाखव, टोपी काढून दाखव. राग येणारच. पण तिसरी गोळी? दोन बार झाले, पेढी रिकामी झाली, महिपतीनं बंदूक उघडली, काडतुसं भरली, बंदूक मिटली, आणि ज्यानं त्याला ह्या नोकरीवर लावलं त्या भूपालला मारलं. भूपालशी त्याचं कधी वाकडं नव्हतं. सरकारी वकिलांनी कोर्टात तीच गोळी पुन्हा पुन्हा झाडली. फाशी झाली ती तिसऱ्या गोळीनं.

महिपतीचं म्हणणं एकच: भूपालअण्णा माझ्याकडं चालत आले, त्यांचा हात टॉवेलाखाली होता, मला वाटलं हत्यार आहे.

सरकारी वकिलांचं म्हणणंही एकच: चौदा वर्षं हळदीच्या यार्डात काढलेल्या माणसाला टॉवेलाखाली काय असतं हे कळत नाही?

टॉवेलाखाली हात असतो. दोन हात. उघड बोलीनं लिलाव करायचा नियम कधीच आला, तरी आतल्या पेढ्यांवर जुन्या पद्धतीनं सौदे चालायचेच. घेणारा आणि मधला माणूस समोरासमोर बसतात, हातावर टॉवेल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. तोंड हवापाण्याचं बोलत असतं. बोटं भावाचं बोलत असतात. शेजारच्याला काही कळत नाही. भाव पटला तर हात दाबून धरायचा. नाही पटला तर काढून घ्यायचा.

भूपाल हा असा मधला माणूस. जन्मभर हेच केल्यानं त्याची एक खोडच होऊन बसली होती. मनातलं तो उघड्यावर बोलायचाच नाही. घर बघायला गेले तेव्हा घरमालकासमोर "बघू, विचार करू" म्हणाला आणि रत्नप्रभाच्या पदराखाली तिची चार बोटं दाबली. तिला वाटलं, चार खोल्या आहेत असं सांगतोय. तो सांगत होता भाव.

आणि आता सगळ्यांना भूपालच्या मनातलं माहीत आहे. दीर म्हणतात, दादा असता तर म्हणाला असता, लटकवा. जैन बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायका म्हणतात, अण्णा मुंगी चुकवून पाय टाकणारे, त्यांना कुणाची फाशी सोसली असती होय? मुलगा, सन्मती, म्हणतो, पप्पांना न्याय पाहिजे, आणि तू सही केलीस तर मी ह्या घरात पाय ठेवणार नाही. पंचवीस वर्षं भूपालशी संसार केलेल्या बाईला तेवढं माहीत नाही.

म्हणून तिला त्याला विचारायचंय. तीन वर्षं विचारायचंय. तो येतच नाही. शेजारणीच्या स्वप्नात गेला, दिराच्या गेला, दीर कौतुकानं सांगतात. हिच्या नाही.

पंख्याचं पातं सांगायला जातं आणि

भूपाल उंबऱ्याजवळ पालथ्या बादलीवर बसून हळकुंडं मोडतोय.

"झोपलीस व्हय?" तो म्हणतो.

"नाही. टेकलेय."

"मग बोल की."

किती दिवस तिनं घोकून ठेवलंय काय विचारायचं ते. तोंडातून निघतं, "चप्पल बाहेर काढा."

तो चप्पल काढतो. चपलेत हळदीची पूड आहे. नेहमी असायची. तो ती उंबऱ्यावर झटकतो, नेहमी झटकायचा, आणि तिला नेहमी यायचा तसा राग येतो. पुसलेली फरशी. मेल्यावरसुद्धा.

"माझा टॉवेल कुठंय?" तो विचारतो.

"कोर्टात."

"तिथं काय करतोय?"

"मुद्देमाल आहे तो. पाकिटात घालून लाखेनं सील केलाय."

"धुतला का?"

"मुद्देमाल धुवत नाहीत."

"म्हणजे मळकाच राहिला की."

"अहो, महिपतीला फाशी झालीय."

कट्. तो हळकुंडाचं मोडलेलं टोक उजेडाला धरून बघतो. "ह्याला शिजवताना आच कमी पडलीय," तो म्हणतो.

"मी काय सांगतेय?"

"ऐकतोय की. बस जरा. उभ्यानं काय बोलतीस."

ती बसते, आणि बसते ती पेढीवर. खाली तरट आहे. समोर हळदीचे ढीग, छताला टेकलेले. तिच्या घरातला पंखाच वर फिरतोय, तेच वाकडं पातं. ढिगांच्या मधे घेणारे बसलेत आणि त्यांना फक्त हात आहेत, हातावर टॉवेल आहेत. टॉवेल हळू हळू हलतायत. आतून कुणी झोपेत कूस बदलावी तसे.

रत्नप्रभा पेढीवर एकदाच आली होती, फरशी धुऊन झाल्यावर.

"इथंच बसला होतात का?"

"इथंच. ह्या बाजूला घेणारा. बेळगावकडचा होता. हात गार असायचे त्याचे."

"दोन बार झाले तेव्हा पळाला का नाहीत? सगळे पळाले. हमाल पळाले. पायानं अधू तो तोलाईवाला, तोसुद्धा पळाला."

"हात टॉवेलाखाली होता."

"मग?"

"सौदा अर्धा होता."

"अहो, माणसं मरत होती!"

"व्हय गं. पण सौदा मोडला नव्हता ना अजून. हात काढल्याशिवाय मोडत नाही." तो हसायला लागतो. "आणि घेणारा कधीच पळालेला! मी आपला रिकाम्या टॉवेलात बोटं दाबतोय. आकडा वाढवतोय. मनात म्हणतोय, एवढा भाव दिला तरी गडी हलेना कसा."

त्याला हसू आवरत नाही. खांदे हलतायत. हा हसतो तेव्हा आधी खांदे हलतात, हे ती विसरली होती. तिला रडू येईल असं वाटतं. येत नाही. राग येतो.

"आणि मग उठून त्याच्याकडं का गेलात?"

खांदे थांबतात.

"कुणाकडं?"

"महिपतीकडं! हातावर टॉवेल तसाच टाकून! भरलेल्या बंदुकीसमोर!"

"तेव्हा भरत होता. भरली नव्हती."

"का गेलात?"

"तू हळू बोल बरं," तो म्हणतो. "लोक ऐकायलेत."

लोक खरंच ऐकतायत. बाकांवर दाटीवाटीनं बसलेत, आणि ती वजनाच्या काट्यावर उभी आहे. पोती मोजायचा मोठा काटा, आणि तोच साक्षीदाराचा पिंजरा. तिनं पाय हलवला की सुई हलते. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी आहे. सरकारी वकील काट्याकडं बघत विचारतात, तिच्याकडं नाही.

प्रश्न: टॉवेलाखाली काय होतं?
उत्तर: हात.
प्रश्न: रिकामा?
उत्तर: त्यांचा हात रिकामा कसा असेल? त्यात भाव असायचा.
प्रश्न: कुणाचा भाव?
उत्तर: ते मला कसं कळणार? टॉवेल होता ना.
प्रश्न: महिपतीला कळत होतं?
उत्तर: त्याला विचारा.
प्रश्न: त्याला विचारलं. आता तुम्हाला विचारतोय. त्याला कळत होतं, हो की नाही?
उत्तर: मी तिथं नव्हते.
प्रश्न: मयत कुठं आहेत?
उत्तर: ते काय, मागच्या बाकावर.

भूपाल मागच्या बाकावर बसून शेजारच्या माणसाला काहीतरी सांगतोय. रत्नप्रभा बघतेय म्हटल्यावर तो उठून, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत, "जरा सरका की पाव्हणं" करत पुढं येतो आणि काट्याला टेकून हळूच विचारतो:

"साहेबांनी निब मोडली म्हणे?"

"हो."

"मोडून बघितली का? आत रंग कसा होता?"

ती काट्यावरून खाली उतरते, आणि सुई आहे तिथंच राहते.

"मला एक सरळ उत्तर द्या," ती म्हणते. "एकच. सगळ्या जन्मात दिलं नाहीत, आता द्या. पाच वाजता ते येणारायत. मी सही करू की नको?"

"अगं, लोक—"

"त्याला फाशी पाहिजे का नको तुम्हाला?"

"उघड्यावर बोलत नसतात हे."

"मेलात की तुम्ही! आता कोण ऐकून काय करणारे?"

"तसं नाही. सवय." तो खरोखरच ओशाळा झालाय. "टॉवेल आण. सांगतो."

"टॉवेल कोर्टात आहे!"

"मग मागून घे."

"केस संपल्याशिवाय देत नाहीत! आणि केस संपली म्हणजे तो एकतर लटकलेला असणार नाहीतर फाशीतून सुटलेला असणार! मग काय विचारू तुम्हाला? चहात साखर पाहिजे का?"

"जरा कमीच घाल," भूपाल म्हणतो.

बाकांवरचे लोक हसतात. सरकारी वकीलही हसतात. रत्नप्रभाला त्या सगळ्यांना काट्यावर उभं करून त्यांचं वजन जाहीर करावंसं वाटतं. ती पदर ओढून पुढं करते.

"हा घ्या. ह्याच्याखाली सांगा."

तो पदराकडं बघतो. हळकुंड पारखताना बघतो तसा.

"चालंल," तो म्हणतो. "पण इथं नको. आत ये."

आत म्हणजे खाली. कोर्टाच्या फरशीत एक गोल तोंड आहे, माणूस जेमतेम मावेल एवढं. पेव. नदीकाठच्या मातीत खणलेलं, हळद वर्षानुवर्षं टिकवायचं भुयार. रत्नप्रभाच्या माहेरी अशी पेवं होती. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आतली हवा माणसाला मारते. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं.

ती दोरीनं कंदील सोडते. ज्योत बारीक होते, बारीक होते, वाटाण्याएवढी होते आणि तेवढीच राहते.

"थांब," भूपाल म्हणतो. "हवा बदलू दे."

"तीन वर्षं थांबलेय."

ती उतरते. पायाखाली हळद नाही, गार फरशी आहे. भिंत गोल आहे. एका बाजूला घोंगडी, घडी घातलेली. एक बशी, धुऊन पालथी घातलेली. ही जागा तिनं कधी पाहिलेली नाही, पण ही फाशीची कोठडी आहे हे तिला कळतं, जसं स्वप्नात परक्याचं घर आपलं आहे हे कळतं तसं.

कंदिलाच्या पलीकडे अंधार आहे. ती पदर पसरते आणि त्याखाली हात पुढं करते.

पलीकडून एक हात येतो आणि तिचा हात धरतो.

"ऐका," ती म्हणते. आता ती हळू बोलते, तो बोलायचा तसं. "फाशी पाहिजे असेल तर एक बोट दाबा. नको असेल तर दोन. एवढंच. बाकी मला काही नको."

हात दाबत नाही. नुसता धरतो. गरम आहे. भूपालच्या हाताला हळदीनं भेगा पडलेल्या असायच्या. ह्या हाताला तळव्यावर घट्टे आहेत. अंगठ्याच्या बुडाशी एक जुना व्रण आहे, लांबट.

"लागला का हात?" भूपाल विचारतो.

वरून. पेवाच्या तोंडातून.

रत्नप्रभा वर बघते. गोल उजेडात त्याचं डोकं दिसतंय, आणि पदराचं दुसरं टोक त्याच्या हातात आहे.

"तुम्ही वर आहात?"

"मग कुठं असणार? मी मधला माणूस. मी कापड धरतो."

"मग हा हात कुणाचाय?"

"डावा आहे का?"

ती अंगठा चाचपते. "डावा."

"मग त्याचाच. उजवा बंदुकीवर असतो."

ती हात मागं ओढते. म्हणजे ओढायला जाते. पलीकडचा हात घट्ट धरत नाहीये, जोर लावत नाहीये, तरी तिचा हात येत नाही. कोपरापर्यंत तिचं ऐकतो, पुढचा ऐकत नाही.

"नको असेल तर काढून घे," वरून भूपाल सांगतो, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. "मोडायची तेवढीच खूण आहे. बाकी सगळे नुसते आकडे."

"तुम्ही सांगा! मी तुम्हाला विचारायला आले!"

"अगं, मी माझा भाव कधी लावलाय का? ह्याचा त्याला सांगायचा, त्याचा ह्याला. माझं कामच ते."

"तुम्हाला गोळी घातली त्यानं!"

"व्हय," भूपाल म्हणतो. "लई दुखलं."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, जागच्या जागी गेले, काही कळलंही नसेल. दीर म्हणाले होते, काही कळलं नसेल.

"त्याच्याकडं कशाला गेलात हो?" तिचा आवाज तिलाच लहान वाटतो.

"काडतूस भरताना हात थरथरत होता त्याचा. खाली पडलं एक. मला वाटलं, त्याला बसवावं खाली. विचारावं काय पाहिजे. असल्या वेळी उघड्यावर कसं विचारणार, मालक समोर पडलेला." तो नाक ओढतो. "म्हणून टॉवेल तसाच नेला."

"त्याला कळलं होतं का? खाली नुसता हात आहे हे?"

कट्. वर तो हळकुंड मोडतो. पिवळी पूड कंदिलाच्या उजेडातून खाली येते.

"त्यालाच विचार की. हात तुझ्याकडं आहे."

रत्नप्रभा अंधाराकडं तोंड करते. तिकडं श्वास आहे. "कळलं होतं का रे?" ती विचारते. "महिपती? अण्णांचा नुसता हात आहे, ते कळलं होतं का तुला?"

पदराखाली बोटं हलायला लागतात. ती मोजते. एक. दोन. की एकच, दोनदा? पुन्हा. एक, आणि मग सगळी एकदम. ती डोळे मिटून मोजते आणि तिला कळत नाही की ती बोटं दाबतायत की नुसती थरथरतायत.

"नीट दाब!" ती ओरडते. "नीट सांग! तुम्ही सगळे एकसारखे आहात मेले!"

ज्योत खाली बसते.

"वर ये," भूपाल म्हणतो. "हवा संपली. ये लवकर. हे धर, नमुना." वरून काहीतरी टाकतो. "आणि चहात साखर खरंच कमी घाल गं, तो वकील

घंटी वाजते.

पंखा. वाकडं पातं. पंखा फिरत नाहीये, वीज गेलीय, तर मग घंटी कशी वाजली? कुणीतरी कडी वाजवतंय. रत्नप्रभा उठून बसते. गळ्याखाली घाम आहे. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, बोटं उघडायला डाव्या हातानं मदत करावी लागते.

आत अर्धं हळकुंड आहे. मोडलेलं टोक ताजं, गर्द केशरी.

घरात हळकुंड नाही. तीन वर्षांत तिनं येऊ दिलेलं नाही. भाजीला पुडीतली पूड. उंबऱ्याजवळ पालथी होती ती बादली सरळ आहे, मोरीत, पाण्यानं भरलेली.

ती मूठ पुन्हा मिटते आणि दार उघडते.

शेवंता पायरीच्या खाली उभी आहे. चपला तिनं पार फाटकाजवळ काढून ठेवल्यात. वकील कागद काढतच आत येतो, खुर्चीवर बसतो.

"चार ओळी आहेत ताई. वाचून दाखवतो. 'माझे दिवंगत पती शांत व अहिंसक वृत्तीचे होते. आरोपीस फाशी व्हावी हे त्यांनाही मान्य झाले नसते—'"

"हे काढा."

"पण ताई, सगळा भार ह्याच वाक्यावर—"

"त्यांना काय मान्य झालं असतं ते मला माहीत नाही. आत्ताच विचारलं. सांगितलं नाही."

वकील शेवंताकडं बघतो. शेवंता अजून दाराबाहेरच आहे. तिला ह्यात काही नवल वाटलेलं दिसत नाही.

"आमचाबी सांगत न्हाई," ती म्हणते. "भेटीला जाते, इचारते, अण्णांना का मारलंस? तर म्हणतो, शेळी व्याली का?"

"व्याली?" रत्नप्रभा विचारते.

"दोन करडं."

मग रत्नप्रभा खुर्चीकडं हात करते, आणि शेवंता आत येऊन खुर्चीवर न बसता खाली, भिंतीला टेकून बसते. रत्नप्रभाही तिच्यासमोर खाली बसते. वकील एकटाच उंचावर राहतो.

"लिहा," रत्नप्रभा त्याला म्हणते. "मला राग येतो. अजून रोज येतो. लिहा."

"ताई, असं प्रतिज्ञापत्रात—"

"त्यांना दुखलं. तेही लिहा. आणि त्याच्याखाली लिहा, फाशी नको."

"दोन्ही एकत्र कसं चालंल? कोर्ट विचारंल, नेमकं म्हणणं काय आहे?"

"तेच आहे. वरचं खोडून खालचं ठेवायचं असेल तर चहा घ्या आणि जा."

वकील कपाळावरून हात फिरवतो. मग कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला लागतो, दात दाबून, प्रत्येक शब्दाशी भांडत. लिहून झाल्यावर कागद आणि पेन पुढं करतो.

ती हळकुंड डाव्या मुठीत घेते आणि उजव्या हातानं सही करते. सहीच्या शेजारी बोटांचे पिवळे ठसे उमटतात.

"डाग पडला ताई."

"पडू दे."

फोन वाजतो. सन्मती. सही केली का हे विचारायला, दुसरं कशाला. फोन वाजत राहतो, शेवंता फोनकडं बघते, मग रत्नप्रभाच्या मिटलेल्या डाव्या मुठीकडं. रत्नप्रभा फोन उचलते आणि म्हणते, "केली." पलीकडं तो काय बोलतो ते खोलीत ऐकू येत नाही. ती ऐकून घेते, शेवटपर्यंत, फोन खाली न ठेवता.

मग ती पोहे भिजवायला उठते.

महिपती पेढीवर लागला त्या दिवशी त्याचा पगार शेठनं आणि भूपालनं टॉवेलाखाली बोटं दाबून ठरवला होता. महिपती समोरच उभा होता, टॉवेलाकडं बघत.